कच्चा आराखडा

२ डिसेंबर, मंगळवार

आजपासून लिहायचं. रोज जमलं नाही तर जमेल तसं, पण खरं लिहायचं. मोठमोठे चित्रकार दैनंदिनी ठेवायचे, असं एका व्हिडिओत ऐकलं. मी अजून मोठा नाही हे मान्य, पण सवय आधीच लागलेली बरी.

एसटीत कंट्रोलर म्हणून जन्म गेला. लातूरच्या स्टँडवर मी माईक हातात घेतला की पानटपरीवरचा माणूससुद्धा मान वर करायचा. ऑगस्टमध्ये रिटायर झालो. आता घरात दोन वाक्यं सलग बोललो की सुकन्या शिलाई मशीन थांबवते अन् म्हणते, "अहो, माईक बंद करा." मग मी पेन्सिल हाती घेतली. पेन्सिलीला आवाज नसतो.

नांदेडला हौशी निसर्गचित्रकारांचं प्रदर्शन आहे. डोंगराचं एकच चित्र, फक्त पेन्सिलीनं काढलेलं, बावीस तारखेच्या आत पोचवायचं. लोक म्हणतात लातूर जिल्ह्यात डोंगर कुठून आणणार? मुरुडच्या पुढं सारणवाडीला दगडोबाचा डोंगर आहे. बालाघाटाची शेपटी का असेना, पण आहे. मी जागा हेरून आलो. तीन पायांची घडीची तिवई मागवली, ती आज आली.

सुकन्याला चित्राचं सांगितलं. ती अर्धापूरची. म्हणाली, "आमच्या माहेरी डोंगर नव्हते, केळी होत्या. त्या खाता तरी यायच्या."

नांदेडला माझं नाव लागू दे, मग बघतो. भिंतीवर नाव, खाली गाव लातूर, अन् लोक समोर उभे राहून बघतायत. मला एवढंच पाहिजे.

४ डिसेंबर, गुरुवार

पहिला दिवस. सकाळच्या मुरुड गाडीनं गेलो. डोंगरासमोरच्या माळावर तिवई उभी केली, डोक्याला टोपी, गळ्यात चष्मा. व्हिडिओत दाखवतात तसं पेन्सिल हातभर लांब धरून एक डोळा मिटला अन् डोंगराची उंची घेतली. मग आडवी धरून रुंदी घेतली. उद्या तिवई नेमकी त्याच जागी यावी म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन तीन दगडांवर खुणा केल्या. बाभळीला लाल चिंधी बांधली. कामात शिस्त पाहिजे.

तासाभरात एक गृहस्थ आले. पांढरे कपडे, मोटारसायकल. शेषेराव नाव, गावातले मोठे शेतकरी. लांबून बघत बघत जवळ आले अन् अगदी हळू आवाजात म्हणाले, "नमस्कार साहेब. कधी सुरू केलं?"

"आजच."

"हे काम वरून आलंय का?"

केवढा खोल प्रश्न. मी म्हटलं, "वरून कसलं, आतून आलंय."

त्यांनी मान डोलावली. "आतून म्हंजी लई मोठ्या ठिकाणाहून." मग कागदाकडे बघून विचारलं, "नकाशा तयार झाला का?"

"अजून कच्चा आराखडा आहे. पक्का व्हायला वेळ लागेल. खोडाखोडी चालते यात."

"खोडाखोडी चालती?" असं म्हणून ते फार खूश झाले. जाऊन थर्मासमधून चहा घेऊन आले. सुकन्यानं चार महिन्यांत एकदाही न मागता चहा दिलेला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आज माझ्या जागेवर खुर्ची होती. प्लास्टिकची, पण हात असलेली. शेषेरावांनी पाठवलेली. खुर्चीशेजारी दहा-बारा माणसं उभी. मला वाटलं कुणाची मयत-बियत आहे की काय. तर सगळे चित्र बघायला आलेले.

पुण्या-मुंबईला असे रसिक मिळायचे नाहीत. एकेक रेघ बारकाईनं बघतात. एकानं विचारलं, "ही रेघ कुठून निघाली अन् कुठं जाणार?" मी सांगितलं, रेघ कुठं जाणार हे काढणाऱ्यालाही आधी कळत नसतं, ती आपली वाट आपण शोधते. हे ऐकून दोघं एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्यानं विचारलं, "पण साहेब, सरळच जाईल का वळण घील?" मी म्हटलं, "वळणातच सौंदर्य आहे." तिसरा हळूच बोलला, "वळण ज्याच्या रानात येईल त्याचं सौंदर्य काय ऱ्हातं?" हेही खरंच आहे. विचार करण्यासारखं आहे.

एकच गोष्ट खटकते. चांगलं चित्राचं बोलता बोलता हे लोक मधेच मोठ्या रस्त्याचं काढतात. मुरुडच्या बाजूनं रस्ता येणार अशी कुणकुण दोन वर्षांपासून आहे म्हणे. येईल तेव्हा येईल. पण समोर कला चाललेली असताना रस्ता कशाला? सवय, दुसरं काय.

डोंगराचा माथा जमला. डावा उतार अजून म्हशीच्या पाठीसारखा दिसतो.

८ डिसेंबर, सोमवार

आज गुणाबाई भेटली. सत्तरीची बाई, एकटीच असते. डोंगराच्या पायथ्याला तिचं रान आहे. तूर, हरभरा, एक विहीर अन् एक मोठा लिंब. माझ्या कागदावर अगदी समोर येतं ते. शेषेरावच तिला घेऊन आले.

पदर सावरत लांबच उभी राहिली. म्हणाली, "साहेब, माझं रान ह्यात येतंय का?"

मला भरून आलं. कधी शाळेत गेली नसेल, पण आपलं रान चित्रात यावं ही केवढी हौस. म्हटलं, "मावशी, येतं म्हणजे काय? पुरं येतं. तुमच्या रानाशिवाय आराखडा उभाच राहत नाही."

ती मटकन खाली बसली. आनंदानं असेल.

"अन् हीर?"

"विहीर फार मधे येत होती. बुजवून टाकली."

"बुजिवली?"

"रबर फिरवला एकदा, संपलं."

"लिंब?"

"लिंब ठेवणार. पण जरा डावीकडं सरकवावा लागेल, तिथं तो अडचण करतो."

तिनं लिंबाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अन् बाकी रान?"

मी पेन्सिलीच्या डबीतून सहा बी नंबरची काढून दाखवली. ही सगळ्यात काळी पेन्सिल. "हे सगळं काळं करणार. दाट."

"डांबरावानी?"

"डांबर काय घेऊन बसलात मावशी. डांबराहून काळं."

शेषेरावांनी तिला हाताला धरून उठवलं अन् बाभळीखाली नेऊन कितीतरी वेळ समजावत राहिले. माणूस मोठा मायाळू. चित्राला उठाव यावा म्हणून पुढचा भाग गडद ठेवतात, हे समजावणं सोपं नाही. मला स्वतःला ते तीन व्हिडिओनंतर कळलं.

११ डिसेंबर, गुरुवार

नरसिंग नावाच्या शेतकऱ्यानं हुरडा खाऊ घातला. कोवळा, गरम, वर शेंगदाण्याची चटणी. खाताना म्हणाला, "साहेब, माझं बरड हाय वरल्या अंगाला. कुसळं बी उगवत न्हाईत. रेघ तिकडून घ्या की. मी कागदावर अंगठा देतो."

मी म्हटलं, अंगठ्यानं चित्र फिसकटतं, अंगठा अजिबात लावायचा नाही. रेघ वर नेली तर तोल जातो, हेही सांगितलं. तो म्हणाला, "तोल आपण सांभाळू साहेब. तुम्ही निसतं हाव म्हणा." गावोगाव असा कलाप्रेमी एक जरी निघाला, तरी मराठवाड्याचं भलं होईल.

१३ डिसेंबर, शनिवार

आज सुकन्याशी वाजलं.

जेवताना मी तिला सारणवाडीचं सांगत होतो. खुर्ची, चहा, हुरडा, रेघ कुठून जाणार म्हणून विचारणारी माणसं, रानासाठी खाली बसलेली गुणाबाई. सुकन्यानं घास ताटात ठेवला.

"अहो, ते तुम्हाला मोजणीवाला समजून राहिले."

मी हसलो.

"हसू नका. मी रोज ब्लाउजची मापं घेते. माप घेणारा समोर आला की माणूस आपोआप पोट आत ओढतो. ते लोक तसंच करून राहिले. तीन पायांचं ते तुमचं, दगडाला चुना, झाडाला लाल चिंधी. आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, तुला माझा मान बघवत नाही. साहेब म्हणतात तिथं मला.

"साहेब म्हणतात म्हणूनच सांगते. चित्र काढणाऱ्याला कोण साहेब म्हणतं?"

यावर मी उठलो. हातसुद्धा न धुता बाहेर जाऊन बसलो. मग आत येऊन धुतला. बाईला कलेतलं काय कळणार, अर्धापूरची ती.

१४ डिसेंबर, रविवार

गेलो नाही. आंबट तोंड करून घरात बसलो. तीही मशीनवरून उठली नाही. "चित्र काढणाऱ्याला कोण साहेब म्हणतं?" हे वाक्य डोक्यातून जात नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

ती म्हणाली तेच खरं निघालं.

शेषेराव आज एकटेच आले, खुर्चीला टेकून उभे राहिले. "साहेब, काम झालं. गुणामावशी रान मला द्यायला तयार झाली. शनिवारी मुरुडला इसार. तिला म्हटलं, सरकार रान आधी घेतंय अन् मावेज्याचे पैसे मिळेपर्यंत माणूस मातीत जातंय. तुझं कोण हाय कोर्टात फिरायला? त्यापेक्षा मला दे अन् मोकळी हो. आधी आयकत नव्हती. तुम्ही त्या दिवशी डांबराचं बोलला अन् म्हातारी पार ढासळली. तुमची मदत विसरणार न्हाई." अन् डोळा मारला.

माझ्या हातातून पेन्सिल पडली, शिसं मोडलं. विहीर बुजवली. लिंब सरकवला. डांबराहून काळं. माझीच वाक्यं मला एकामागून एक ऐकू यायला लागली. बाई आनंदानं खाली बसली होती म्हणे. गाढवा, असं कोण आनंदानं बसतं?

खरं लिहायचं ठरलंय, म्हणून पुढचंही लिहितो. तिथल्या तिथं मी काहीच बोललो नाही. चित्र अगदी तोंडाशी आलंय. संध्याकाळचा उजेड डोंगराच्या खांद्यावरून घसरतो ना, तो मला काल-परवा सापडला, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सापडलं. आज सगळं फोडलं तर उद्या तिथं कोण बसू देणार? अन् दुसरं म्हणजे खुर्ची. चार महिने घरात मला कुणी विचारत नव्हतं. तिथं मी येतोय दिसलं की लोक उठून उभे राहतात. ते सोडायला जिवावर आलं. मान खाली घालून उतारावर छटा देत बसलो. छटा चांगली आली, हीच लाज.

घरी येऊन सुकन्याला सगळं सांगितलं. वाटलं टोमणा मारेल. ती एवढंच म्हणाली, "उद्या जा अन् सांगून या."

१७ डिसेंबर, बुधवार

सांगून आलो. काही उपयोग झाला नाही.

शेषेरावांना म्हटलं, मी मोजणीवाला नाही, रिटायर कंट्रोलर आहे, हौस म्हणून डोंगर काढतो. ते हसले. "समजलं साहेब. वरून गप ऱ्हा म्हणून सांगितलंय. आमच्याकडून बी शब्द बाहेर जाणार न्हाई." मी एसटीचं जुनं ओळखपत्र काढून दाखवलं. ते हातात घेऊन म्हणाले, "लई पक्की तयारी केलीय तुम्ही."

गुणाबाईकडं गेलो. ती तुरीत होती. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "तळं केलं तवा बी एक साहेब आला होता. असाच चांगला होता बोलायला. म्हणला, मावशी, मी निसतं बघायला आलोय. अर्धं रान तळ्यात गेलं." मी म्हटलं, मावशी, खरंच हे चित्र आहे. ती म्हणाली, "असंल. परवा येळवस हाय. मालकीणबाईला घेऊन जेवायला या. ह्या रानातली शेवटचीच."

डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. असतं तर बरं झालं असतं. मी एसटीनं परत येताना खिडकीकडं तोंड करून बसलो.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस

नीट लिहितो, आज घाई करायची नाही.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर रिकामं होतं अन् रानं भरतात. सुकन्या अन् मी गच्च भरलेल्या गाडीतून सारणवाडीला गेलो. गुणाबाईनं कडब्याची खोप केली होती, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडले होते. आजूबाजूच्या रानातली सगळी माणसं तिच्याकडं जमली होती, साहेब येणार म्हणून. शेषेराव आलेले, नरसिंग आलेला. मला खोपीसमोर घोंगडीवर बसवलं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. गुणाबाईनं स्वतः वाढलं. "पोटभर खावा साहेब. अन्नाला न्हाई म्हणू नये. पुढल्या येळवशीला ही खोप शेषेरावाची."

मी उंडा मोडला होता तो तसाच खाली ठेवला. उभा राहिलो अन् सगळ्यांना सांगितलं. मी कुणी साहेब नाही, दयानंद आहे, रिटायर कंट्रोलर. रस्ता मला माहीत नाही. हे चित्र आहे, मला नांदेडला पाठवायचंय. ह्या बाईनं रान विकायचं काही कारण नाही.

नरसिंग म्हणाला, "चित्र हाय तर दाखवा."

पिशवीतून चित्र काढलं. ते हातोहात फिरलं. उलटं झालं, सुलटं झालं. एकानं बोट ठेवून आपली विहीर शोधली. शेषेराव शांतपणे म्हणाले, "चित्र म्हणता, साहेब. मग ह्याच्यात सूर्य कुठं हाय?"

"सूर्य मागं आहे. उजेड दिसतो त्याचा."

"चित्रात सूर्य नसतो व्हय?" नरसिंग म्हणाला. "पोरं शाळेत काढत्यात, त्यात असतोय." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, पाखरं बी न्हाईत. कुणी म्हणालं, घर न्हाई, झाड धड न्हाई, निसत्या रेघा अन् काळं. हा नकाशाच हाय. गुणाबाईनं चित्र हातात धरलं, तिचं रान जिथं गडद होतं तिथं बघितलं अन् मला परत दिलं.

सुकन्या माझ्याकडं बघत होती. तिनं पिशवीतून पेन्सिलीची डबी काढून माझ्यापुढं धरली.

मी चित्र मांडीवर घेतलं. तो डोंगराचा खांदा, त्यावरून घसरणारा उजेड. पुन्हा मला असं जमेल की नाही, सांगता येत नाही. मग सहा बी घेतली अन् डोंगराच्या बरोबर मधोमध अर्धा सूर्य काढला. अर्ध्या पोळीएवढा. त्याला किरणं काढली, एक लांब, एक आखूड. खांदा गेला, उजेड गेला.

"आता जरा वाटतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

मी पाखरं काढली, चारच्या आकड्यासारखी. घर काढलं, त्याला दार, दोन खिडक्या. घराशेजारी नारळाचं झाड काढलं. ह्या माळावर नारळ कुणाच्या बापजन्मात आला नव्हता. मग शेजारी दुसरा डोंगर काढला, दोन्हींच्या मधून नदी काढली, वळत वळत खाली आणली अन् गुणाबाईच्या तुरीत सोडली. नदीत एक होडी.

गुणाबाई कधी शेजारी येऊन बसली कळलं नाही. आधी तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती. "आगं बया, हे तर इस्कुलातलं चित्तर हाय. माझ्या लेकीनं असंच भितीवर काढलं होतं कोळशानं." मग हसू आवरेना तिला. नरसिंग हसला, सगळी खोप हसायला लागली. "साहेब न्हाई गं हे, खरंच चित्रंच काढतंय," एक बाई दुसरीला म्हणाली.

"मावशी, शनिवारचं," शेषेराव म्हणाले.

गुणाबाई उठली, आंबिलीचं भांडं उचललं अन् त्यांच्या वाटीत भरभरून आंबील ओतली. "कसला शनिवार, शेषेराव? आंबील पी. मला उद्या तुरीला जायचंय."

ते दोन घोट पिऊन, काम आहे म्हणून गेले. परत येताना गाडीत सुकन्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लोकांसमोर असं तिनं कधी केलं नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार

मन राहिना म्हणून सारणवाडीला गेलो. खुर्ची नव्हती. चहाही नव्हता. कुणी उठून उभं राहिलं नाही. नरसिंगनं लांबूनच "काय चित्रवाले, आज काय होडी का इमान?" म्हणून विचारलं. दगडावर बसलो तोच खालून गुणाबाईची हाक आली.

"अरं दयानंदा, रिकामाच हाईस न्हवं? म्हशीला पाणी दाव जरा."

नोकरीला लागल्यापासून कुणी मला अरेतुरे केलं नव्हतं. रागावून बघावं म्हटलं, पण राग आला नाही, बरंच वाटलं. म्हशीला पाणी दावलं. विहिरीवर गेलो, ती होती तिथंच होती.

मग चित्राचं विचारलं. येळवशीला ती ठेवून घेते म्हणाली होती. मनात होतं, नुसता सूर्य खोडून बघावा, अजून एक दिवस हातात आहे. तिच्या घरात गेलो तर चित्र दारासमोरच्या भिंतीला चिकटवलेलं. ज्वारीच्या पिठाच्या खळीनं, चारही बाजूंनी, पक्कं. आता भिंतीसकटच निघालं असतं.

"मावशी, हे नांदेडला द्यायचं होतं."

"नांदेडात कुणाचं रान जाऊन राहिलंय?"

मी एका कोपऱ्यात नख घालून बघितलं. निघेना.

ती चित्रापाशी गेली अन् नदीवर बोट ठेवलं. "हे हितंच ऱ्हाऊ दे. उद्या खराच कुणी तिपाई घिऊन आला, तर त्याला घरात बोलवून दावीन. म्हणीन, बाबा, आधीच मोजून गेल्यात. हितनं नदी जाती."

ती हसत नव्हती. मी खिशातून पेन्सिल काढली अन् नदी जरा रुंद करून दिली.